तिसरी मूठ

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कसबा बावडा, कोल्हापूर
सोमवार, १० जून २०२४

ती. गं. भा. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, म्हणून हे पत्र. एका परीनं बरंच झालं. फोनवर आपण दोघी बहिणी एकदम बोलायचो आणि कुणाचंच कुणाला कळायचं नाही. आता निदान माझं संपेपर्यंत तू गप्प बसतेस. तुझ्या सुनेला, स्वप्नालीला, सातवा लागला ना? तिला जिना चढू देऊ नकोस.

इकडची बातमी म्हणजे आमच्या घरात परदेशी जेवण शिरलं आहे. ऋतुराजला टेक्सासात जाऊन दोन वर्षं होतील. एकुलतं पोर तिकडं एकटंच शिजवून खातं म्हणून मी काळजी करते, तर त्यानं फोनवर उलट मलाच स्वयंपाक शिकवला. मेक्सिको म्हणून त्यांच्या शेजारचा देश आहे, तिथल्या धर्तीचं. मोकळा भात करायचा, त्यात लिंबू आणि कोथिंबीर. मग राजमा, वाफवलेले मक्याचे दाणे, जिऱ्यावर परतलेला खिमा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही, सगळं वेगवेगळ्या वाट्यांत मांडायचं आणि ज्याला जे हवं ते त्यानं आपल्या वाडग्यात घ्यायचं. कुणी कुणाला वाढायचं नाही. तिकडं खिमा मोठ्याच्या मटणाचा असतो असं तो चाचरत म्हणाला. मी म्हटलं, ते तिकडंच ठेव, आमच्या कढईला सांगू नकोस. मी बकऱ्याचा केला. अवाकाडो म्हणून एक फळ सांगितलं होतं, त्याच्या जागी दह्यात काकडी चोचवली. शिळ्या चपातीचे तुकडे तळून वरून चुरले. ह्यांनी दोनदा घेतलं आणि मग म्हणाले की नाव ठेवण्यासारखं काही सापडत नाही, म्हणून अजून एकदा बघतो.

आता तू हसशील. दोन वर्षं झाली तरी माझा हात तांदळाच्या डब्यात गेला की तीन मुठीच घेतो. दोनवर थांबतच नाही. रोजच्या शिध्याच्या मापांच्या वहीत मी दर वेळी दोन लिहिते आणि भात तिघांचा होतो. टाकायचं माझ्या जिवावर येतं. म्हणून गेले चार रविवार मी तिसरा वाडगा ऋतुराजचा भरते. त्याच्या आवडीनं, मका जास्त, कांदा नाही. तो परसातल्या कट्ट्यावर ठेवते. कावळा येतो. आक्का, तो आधी मक्याचे दाणे वेचतो. पोर लहानपणी असंच करायचं.

कळावे. लहान बहिणीवर आहे तो जीव असू दे.

तुझी,
संयोगिता

॥ श्री ॥

कागल
२० जून २०२४

चि. सौ. संयोगितास धोंडुबाईचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघं हाईत तिथंच हाईत, वाकत न्हाईत येवढंच. स्वप्नाली बरी हाय. जिना चढू नको म्हटलं की मुद्दाम चढतीया, अगदी तुझ्यासारखी.

तुझं ते मेक्सिकोचं वाचलं. भात, भातावर आमटी, आमटीवर कोशिंबीर, म्हणजे पंगतीत वाढपी धडपडला की जे हुतं तेच की. त्याला शिकायला पोरगं टेक्सासला कशाला पाठवलंस, आमच्या गावजेवणाला पाठवलं असतंस. तरी धैर्यशीलनं वाचून दाखव म्हणून हट्ट धरला आणि रविवारी आमच्यातबी झालं. माझं पोरगं आधाशी, त्यानं वाडगा सोडून परात घेतली. स्वप्नालीनं नुसतं दही आणि मका खाल्ला. मी सगळं कालवून आंबील करून प्यालो. चांगलं लागलं.

पण ते कट्ट्यावर ठेवायचं मला रुचलं न्हाई बघ. का, ते मला तरी कुठं नीट सांगता येतंय. कावळ्याला घालायचं तर नुसता घास घाल. नाव घेऊन, आवडीनिवडी बघून, पान भरून कुणाचं ठेवतात, ठाऊक हाय न्हवं?

सयाजीरावांना नमस्कार सांग. तुझ्यावर माया हाय म्हणून बोलतो, राग धरू नको.

तुझी आक्का

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कसबा बावडा
सोमवार, १५ जुलै २०२४

ती. गं. भा. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले की आक्कांना कावळा दिसला की म्हाळच आठवतो. तू रागावू नकोस, पण एक गोष्ट अशी झाली की ती ऐकून तुलाही बरं वाटेल.

ऋतुराजचा फोन आला होता. तो सांगत होता की शनिवारी रात्री, म्हणजे आपल्याकडं रविवारचं जेवण होतं त्या सुमाराला, तिकडं त्याचं पोट आपोआप भरतं. काही न खाता. तोंडाला लिंबाची आणि जिऱ्याची चव येते. मागच्या रविवारी माझ्या हातून खिम्यात मीठ अंमळ जास्त पडलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं आपण होऊन विचारलं की आई, या वेळी खारट झालं होतं का. मी म्हटलं, आईच्या हातचं सात समुद्र ओलांडून पोचतंय की.

मी त्याला तिसऱ्या मुठीचं सगळं सांगितलं. तो इतका हरखला! म्हणाला, मग मीपण तुझा वाडगा भरतो. दर शनिवारी संध्याकाळी तो आता दोन वाडगे करतो. एक त्याचा, त्यात जे घालतो ते घालतो. दुसरा माझा, राजम्याचा. तो खिडकीबाहेर ठेवतो. तिकडं कावळ्यासारखाच एक काळा पक्षी आहे म्हणे, लांब शेपटीचा, पिवळ्या डोळ्यांचा. तो येऊन खातो. आधी दह्यातली काकडी उचलतो, असं म्हणाला. माझी आवड त्या पाखराला कुणी सांगितली असेल?

एवढंच की पोर फोटोत वाळलेलं दिसतं. जेवतोस का विचारलं तर म्हणतो, भूकच लागत नाही, तूच जेवायला घालतेस की.

लोभ आहेच. तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
संयोगिता

॥ श्री ॥

कागल
२९ जुलै २०२४

चि. सौ. संयोगितास आशीर्वाद.

या पत्रात चेष्टा न्हाई. तुझं पत्र आल्यापास्नं मला जेवण जात न्हाई.

त्या पोराचं पान मांडायचं बंद कर. जो समोर बसलाय त्याला वाढायचं, न्हाईतर जो गेलाय त्याचं पान बाहेर ठेवायचं. तिसरी रीत आपल्यात न्हाई. हात तीन मुठी घेतोय तर तिसरी परत डब्यात टाक. त्यात काय अवघड हाय? तुझ्या प्रेमावर मी शंका घेत न्हाई. पण कावळ्याला तुझं प्रेम कळत न्हाई, त्याला पान कळतंय.

बंद केलंस म्हणून उलट टपालानं कळव. तोवर मी अंबाबाईला नवस बोललोय.

तुझी आक्का

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कसबा बावडा
मंगळवार, २० ऑगस्ट २०२४

ती. गं. भा. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

नातीच्या जन्माबद्दल तुझं तोंड गोड असो. रविवारी पंचवीस तारखेला बारशाला मी नक्की येते. हे येणार नाहीत, यांना कारखान्याच्या पेन्शनरांच्या बैठकीला जायचं आहे.

तू सांगितलंस तसं मी केलं. म्हणजे करायला गेले. तिसरी मूठ डब्यात परत टाकली. भात झाल्यावर झाकण काढलं तर तिघांचा. मग वाटलं, एवढा केलाच आहे तर त्याच्या नावाचा कशाला मागं ठेवू. आक्का, मी खोटं लिहीत नाही, मला थांबवत नाही. त्या वाडग्यापुरती मी अजून त्याची आई असते. फोन आठ मिनिटांचा असतो.

पण आता मला भीती वाटते. श्रावण लागल्यापासून मी खिमा बंद करून नुसता राजमा ठेवते. ऋतुराज म्हणाला की त्यानं तिकडं काहीही खाल्लं, अगदी ते त्यांचं मोठ्याचं, तरी तोंडात राजमाच लागतो. हिंगाच्या फोडणीचा. वजन चौदा किलोनं उतरलं आहे. डॉक्टरांनी सगळं तपासलं, त्यांना काही सापडत नाही. दुकानाचं आपोआप उघडणारं काचेचं दार त्याच्यापुढं उघडत नाही, दुसरं कुणी येईपर्यंत त्याला उभं राहावं लागतं. ऑफिसात त्याच्या खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं. तो खुर्चीत असताना. तो हे हसत हसत सांगत होता. शेवटी म्हणाला की आई, मी इथं आहे ना गं?

हे म्हणतात, परदेशात एकटं राहून पोरांच्या मनावर होतं असं. मी परवा कट्ट्यावर गेले तर कावळा उडाला नाही. माझ्या हाताला चोच लागेल इतका जवळ होता, तरी नाही.

काय करू ते सांग. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.

तुझी,
संयोगिता

॥ श्री ॥

कागल
२७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. संयोगितास आशीर्वाद देतो, पण रागानं.

बारशाला तू आली न्हाईस. नक्की येतो म्हणून लिवलंस आणि आली न्हाईस. माझ्या शेजारची जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवली, कुणाला बसू दिलं न्हाई. धैर्यशील तीनदा स्टँडवर जाऊन आला. एवढी काय पोराची काळजी की नातीचं तोंड बघायला सवड मिळंना?

असो. पोराचं महत्त्वाचं. आपल्या आजीनं सांगितलेलं मला आठवलं, तू तवा पाळण्यात हुतीस. आपलं आण्णा चुलते मिलिट्रीत गेलते. पत्र येईना म्हणून आजी रोज त्यांचं ताट भरून पडवीत ठेवायची. दोन वर्षांनी आण्णा आले. जिते आले. पण दारात दोन दिवस उभं हुते आणि घरात कुणाला दिसलं न्हाईत. कुत्रंबी भुंकलं न्हाई. आजी ताट ठेवायला गेली, तिच्या पायाला त्यांचा पाय लागला. तवा ती तिथंच बसली आणि त्या ताटातलं सगळं सवताच खाल्लं. उष्ट्याचं पान हुत न्हाई. खाऊन हात धुतला आणि वर बघितलं तर पोरगं समोर.

म्हणून सांगतो ते कर. ज्यानं पान मांडलं त्यानंच ते खायचं. ज्या वारी, ज्या वेळेला मांडलं, त्याच वारी, त्याच वेळेला. कावळ्याला दाणा उरवायचा न्हाई. आणि हे म्हाळ लागायच्या आत. अठरा सप्टेंबरला म्हाळ लागतोय. त्या पंधरवड्यात ज्यांची पानं बाहेर पडतात ते सगळे एकाच पंगतीत धरले जातात.

रागावलोय तरी माझीच हाईस.

तुझी आक्का

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कसबा बावडा
सोमवार, २ सप्टेंबर २०२४

ती. गं. भा. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते. काल रविवारी मी वाडगा भरला, कट्ट्यावर नेला आणि तिथंच बसून कालवून खाल्ला. कावळा समोर बसून होता. प्रत्येक घासाला तो मान वाकडी करायचा. शेवटचा मक्याचा दाणासुद्धा ठेवला नाही. आज सकाळी ऋतुराजचा ह्यांना फोन. आवाज खणखणीत! कडकडून भूक लागली म्हणून त्यानं एका बैठकीत तीन वाडगे खाल्ले. दुकानाचं दार तो पोचायच्या आधीच उघडलं. हे दोघं मोठ्यानं हसत होते. मीपण बोलले, पण दोघांच्या हसण्यात त्याला माझं ऐकू गेलं नसावं.

आता तुझ्या रागाचं. आक्का, मी आले होते. अकराच्या एसटीनं आले. कंडक्टर तिकिटाला माझ्यापाशी थांबलाच नाही, तेव्हा उतरताना मी सुटे पैसे त्याच्या पेटीवर ठेवले. निळ्या काठाचं पातळ नेसले होते. तू धरून ठेवलेल्या जागेवर, तुझ्या डाव्या हाताला बसले. घुगऱ्यांचं ताट तू माझ्या मांडीवरून पलीकडच्या बाईला दिलंस. मला वाटलं, पोराच्या नादात तुझं ऐकलं नाही म्हणून तू अबोला धरलास. हळदीकुंकूही कुणी लावलं नाही. मला फार लागलं. बाळाच्या उशाशी पिवळं झबलं ठेवून मी निघून आले. मीच शिवलं आहे, उजव्या बाहीची शिवण वाकडी आहे. जावळ छान आहे पोरीला.

इकडं सगळेच माझ्यावर रुसल्यासारखे झाले आहेत. दूधवाली बाळाबाई माझ्यासमोरून जाते आणि दाराला हाका मारते. हे सकाळी एकच कप चहा करतात. मारुतीच्या देवळात तीर्थ घ्यायला हात पुढं केला तर पुजाऱ्यांची पळी माझ्या हातावरून पुढच्या बाईच्या हातावर गेली. देवाच्या दारीसुद्धा मान राहिला नाही बघ. वयाचं असेल. पोर बरं झालं, मला दुसरं काही नको.

तू तरी बोलणं टाकू नकोस.

तुझी,
संयोगिता

॥ श्री ॥

कागल
५ सप्टेंबर २०२४

चि. ऋतुराजास धोंडुमावशीचा आशीर्वाद.

बाळा, हे पत्र स्वप्नाली फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतीया, कारण टपाल पोचायला सवड न्हाई. मला ऐकू येत न्हाई, तवा तूबी कागदावरच उत्तर लिव.

तुझी आई बारशाला आलती आणि मी तिला बघितलं न्हाई. मला कान न्हाईत रं, पण डोळं हाईत. पिवळं झबलं पाळण्यात सापडलं. कुणी दिलं म्हणून सगळ्या बायकांना विचारलं, कुणी न्हाई म्हणाली. उजव्या बाहीची शिवण वाकडी हाय.

तुझं पान तिनं मांडलं, तू वाळलास. तिनं ते खाल्लं, तू बरा झालास. आता तू तिकडं दर शनवारी तिचं मांडतोस. पुढचं तुला सांगायला नको, तू शिकलेला हाईस. येत्या शनवारी, ज्या वेळेला ठेवतोस त्याच वेळेला, तिचा वाडगा तू सवता खा. पाखराला दाणा ठेवू नको. म्हाळ लागायच्या आत झालं पायजे. येवढं माझं ऐक.

तुझी मावशी

सॅन अँटोनिओ, टेक्सास
रविवार, ८ सप्टेंबर २०२४, सकाळी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. खूप वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, बरं वाटलं. मराठी लिहायची सवय राहिली नाही, चुका पोटात घाल.

मावशी, रागावू नकोस, पण हे मला पटत नाही. मी आजारी होतो आणि बरा झालो, एवढंच. आईचं वय झालं आहे, ती थकते, लोकांचं लक्ष जात नाही. मी काल नेहमीसारखा तिचा वाडगा ठेवला, गणपती आले म्हणून थोडा मोठाच ठेवला. इथं माझ्या घरात माणूस येत नाही. आठवड्यातून एक वाडगा मी दुसऱ्या कुणासाठी करतो. तिच्यासाठी वेगळा चमचा घेतला आहे, माझ्या मटणाला तो लागू देत नाही. त्या वेळेला घरात आई असल्यासारखी वाटते. ते तू मला बंद करायला सांगतेस.

आता घरी व्हिडिओ लावून गणपतीचं दर्शन घेतो, तिलाही बघतो, आणि तुला कळवतो. उगाच घोर लावून घेऊ नकोस.

तुझा,
ऋतुराज

ता. क. फोटो काढून पाठवायच्या आधी हे लिहितो आहे. 

फोन पप्पांनी उचलला. तिकडं संध्याकाळची आरती चालली होती. मखर दिसलं, समई दिसली. पप्पा एकटेच म्हणत होते, टाळ्या एकट्याच्या. मी आईला विचारलं. त्यांनी फोन घरभर फिरवला, म्हणाले, आत्ता इथं होती, देवळात गेली असेल. आरतीचं ताट पाटावर नव्हतं, मावशी. ते मखरासमोर छातीइतक्या उंचीवर होतं, आणि निरांजनाची ज्योत गोल फिरत होती. ताट कुणी धरलं होतं ते मला दिसलं नाही. पप्पा त्या ताटावरून हात फिरवून डोळ्यांना लावत होते आणि मला सांगत होते की आई घरात नाही.

कालचा वाडगा पाखरानं साफ केला आहे. म्हणजे आता येत्या शनिवारीच. मी खातो. दाणा ठेवत नाही. तोवर तिला सांभाळ.

॥ श्री ॥

कागल
१२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. संयोगितास,

तुझं पाकीट काल आलं. वर तुझ्या अक्षरात माझा पत्ता हाय. आत चार कागद हाईत, चारी कोरे. उजेडात धरून बघितले. पेनाचा दाब हाताला लागतोय, अक्षर न्हाई. नुसता लिंबाचा वास येतोय. काय लिवलं हुतंस गं?

हे पत्र धैर्यशील सवता घेऊन येतोय. तू त्याला दिसली न्हाईस तर तो देवघरात ठेवून जाईल. वाचता येत असेल तर ऐक. रविवारी सकाळी आंघोळ करून देवापुढं बस आणि उठू नको. तिकडं तेव्हा शनवारची संध्याकाळ असती. पोरगं खाणार हाय. त्यानं शब्द दिलाय.

आजपास्नं मी माझ्या शेजारी तुझ्यासाठी पाट टाकतो. ताट न्हाई, नुसता पाट. माझी बहीण जिती हाय, ती येऊन बसंल तवा वाढीन.

तुझी आक्का

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कसबा बावडा
सोमवार, १६ सप्टेंबर २०२४

ती. गं. भा. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे अक्षर तुला दिसतं आहे ना? मी ह्यांना दाखवून घेतलं. हे म्हणाले, दिसतं की, नेहमीसारखं गिचमिड आहे. इतकं गोड बोलणं मी गेल्या महिन्याभरात ऐकलं नव्हतं.

धैर्यशील आला तेव्हा मी दारातच उभी होते. तो मला ओलांडून आत गेला, देवघरात पत्र ठेवलं आणि रिकाम्या घराला नमस्कार करून गेला. पोर रडत होतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तर त्यानं सदऱ्यावर मुंगी चढल्यासारखं झटकलं. मग मी तुझं पत्र वाचलं. खरं सांगते, तोवर मला कळलंच नव्हतं. वाटायचं, लोक बदलले.

काल सकाळी सहाला देवापुढं बसले. साडेसहाच्या सुमाराला जिभेवर चव आली. आधी भात, जरासा कच्चा राहिलेला. मग राजमा, मीठ कमी. दह्यातली काकडी. सावकाश, एकेक घास. मध्ये थांबायचं, जसं रडणारं माणूस घास तोंडात धरून थांबतं. मी वाट बघत होते की ते दुसरं लागतंय की काय, मोठ्याचं. आणि मनाशी म्हटलंसुद्धा की लागलं तरी गिळीन. पण नाही लागलं. त्यानं चमचा वेगळाच ठेवला होता.

शेवटचा घास झाला तशी मागून ह्यांची हाक आली की अंधारात काय बसलीस, दिवा लाव, आणि देवळातून कधी आलीस. यांनी चहाला दुसरा कप काढला होता. बाळाबाईनं दूध घालताना विचारलं की वहिनी, गावाला गेलता काय. मारुतीला गेले, तीर्थ हातावर पडलं. इतकं गार होतं! मी ते प्यायलेच नाही बराच वेळ, नुसतं तळव्यावर धरून बघत राहिले.

मापांची वही उघडली. गणपती आले त्या दिवसापासून परवापर्यंतची पानं कोरी आहेत. रोज लिहिली होती मी. आणि काल दुपारी भाताला हात घातला तर दोनच मुठी आल्या. हात आपणहून थांबला. मी डब्याजवळ खूप वेळ उभी राहिले, आक्का. तिसरी येईना.

ऋतुराज दिवाळीला येतो म्हणाला. सगळ्या वाट्या मांडीन, खिमा करीन. पण तो उंबरा ओलांडून आत आला, पाय धुतले, पाटावर बसला, आणि त्यानं स्वतःच्या हातानं वाडगा उचलला, की मगच झाकण काढीन. फाटकात दिसला तरी भाताला हात लावणार नाही. त्याच्याआधी, येत्या रविवारी, मी तुझ्याकडं येते. त्या पाटावर बसते.

एकच गोष्ट राहिली. कावळा आजसुद्धा आला होता. मी त्याला दोन्ही हात रिकामे करून दाखवले. तो हातांकडं बघत नाही. माझ्या तोंडाकडं बघत बसतो, ओळखीचं माणूस आपल्याला अजून ओळख कशी देत नाही, अशा नजरेनं.

कळावे. तुझा लोभ असू दे, रागही असू दे. फक्त माझ्या नावाचा घास, मी समोर बसल्याशिवाय, काढू नकोस.

तुझी,
संयोगिता